तक्रारपेटी रिकामी आहे, म्हणजे सगळं ठीक आहे का?

एका मुख्याध्यापकांचा प्रश्न थोडक्यात असा: शाळा पहिली ते आठवी. कॅमेरे बसले, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झाली, सखी सावित्री समितीचा (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) फलक लागला, वर्षातून एकदा 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा तासही होतो. तरी तक्रारपेटीत वर्षभरात एकही चिठ्ठी नाही आणि पालकसभेला पंधरा-वीस माणसं. मुलांवर अत्याचार होऊ नयेत म्हणून शाळेने आणि घरांनी आणखी नेमकं काय करायचं?

आधी पेटीकडेच बघू. बहुतेक शाळांत ती मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर असते, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, आणि वर नेमका कॅमेरा. चिठ्ठी टाकणारं मूल तिथे सगळ्यांना दिसतं. पहिलीतल्या मुलाचा हात पोचत नाही आणि त्याला लिहिताही येत नाही. पेटी जमिनीपासून साधारण अडीच-तीन फुटांवर हवी. मुलं एकेकटी सहज जातात अशा वाटेवर, उदाहरणार्थ पाण्याच्या टाकीकडे जाताना, आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर. शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल आणि कोरे कागद ठेवा. चित्र काढून टाकलं तरी चालेल, नाव नसलं तरी चालेल, हे प्रत्येक वर्गात जाऊन सांगा. पेटीला दोन कुलुपं लावा. एक किल्ली शाळेकडे, दुसरी समितीतल्या पालक आईकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडे. उघडायचा वार ठरलेला असावा आणि तो चुकू नये. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परिपाठात उत्तर द्या: "या आठवड्यात चार चिठ्ठ्या आल्या. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली होती, ती बसवली." मुलं आधी छोटी तक्रार करून मोठ्यांची परीक्षा घेतात. कडीचं काही झालं नाही, तर काकांबद्दलची गोष्ट त्या पेटीत कधीच येणार नाही. मात्र ज्या चिठ्ठीवरून एखादं मूल ओळखता येईल, तिचा उल्लेख परिपाठात करू नका.

आता मूळ मुद्दा. मुलांना सावध करणं हा या कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग मोठ्यांच्या वागण्याला नियम लावण्याचा आहे, आणि नेमका तोच आपण टाळतो, कारण त्यात सहकाऱ्यांना, नातेवाइकांना, कधी स्वतःला अडवावं लागतं. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते, १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. साधारण निम्म्या प्रकरणांत करणारा मुलाच्या ओळखीचा किंवा विश्वासातला होता. पोलिसांत नोंदल्या जाणाऱ्या पॉक्सो (मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा) गुन्ह्यांत तर ओळखीच्या आरोपींचं प्रमाण दरवर्षी ९० टक्क्यांच्या वर असतं. म्हणून 'अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस' या शिकवणीने मूल चुकीच्या दिशेला बघत राहतं.

कॅमेऱ्याचंही तसंच आहे. तो व्हरांडा बघतो. स्वच्छतागृह, शिकवणी, व्हॅन आणि घर त्याला दिसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, तेव्हा प्रश्न स्वच्छतागृहाचा आणि तिथे लहान मुलींजवळ जाणाऱ्या पुरुष सफाई कर्मचाऱ्याचा होता. त्यानंतर आलेल्या शासन निर्णयातले कॅमेरे, पडताळणी, पेटी, समित्या सगळं हवंच. पण पोलिस पडताळणीतून कळतं ते एवढंच, की या माणसावर आजवर गुन्हा नोंदलेला नाही. कर्मचारी घेताना आधीच्या ठिकाणी फोन करून दोन प्रश्न विचारा: नोकरी का सोडली, आणि मुलांसोबतच्या कामावर याला पुन्हा घ्याल का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला, तर काय ते समजा. कंत्राटदाराकडून आलेल्या माणसालाही हेच लागू आहे.

एकांताचा नकाशा

दोन शिक्षक, एक पालक आणि सातवी-आठवीतले चार विद्यार्थी घ्या आणि शाळेचा कच्चा नकाशा काढा. मुलांना एकच विचारा, "कुठे जायला नको वाटतं?" अर्ध्या तासात यादी तयार होते: क्रीडासाहित्याची खोली, जिन्याखालची जागा, गच्चीचं दार, प्रयोगशाळेमागची बोळकंडी, मुलांच्या स्वच्छतागृहातली शेवटची मुतारी. जागेसोबत वेळही लिहा. शाळा भरण्याआधीची वीस मिनिटं, मधल्या सुट्टीचा शेवट आणि सुटल्यावर व्हॅन येईपर्यंतचा काळ हे नेहमीचे धोक्याचे. मग प्रत्येक जागेला एक साधा उपाय: कुलूप, दिवा, दाराला काच, किंवा त्या वेळी तिथे उभा राहणारा माणूस.

नियम थोडे असावेत आणि लेखी असावेत. बालवाडी ते दुसरीच्या मुलांना शी-शूला नेणं हे काम फक्त सेविका मावशींचं, आणि त्या रजेवर असतील त्या दिवशी कोण, हेही आधी ठरलेलं. बंद दाराआड एक मोठा आणि एक मूल कधीही नाही. जादा तास असेल तर किमान दोन मुलं आणि दार उघडं. शिक्षकाने विद्यार्थ्याला खासगी व्हॉट्सॲप संदेश पाठवायचा नाही, निरोप पालकांच्या क्रमांकावर किंवा वर्गाच्या गटावर. एकाच मुलाला भेटवस्तू, रिचार्ज, गाडीवरून घरी सोडणं नाही. व्हॅनमध्ये बघायचा तो शेवटचा थांबा. जे मूल सर्वांत शेवटी उतरतं, ते रोज दहा-पंधरा मिनिटं चालकासोबत एकटं असतं. मार्ग उलटा फिरवा किंवा शेवटपर्यंत महिला मदतनीस ठेवा.

हे नियम का उपयोगी पडतात, ते नीट समजून घ्या. अत्याचार करणारा एका दिवसात काही करत नाही. तो एकटं पडलेलं मूल हेरतो, त्याच्या आईवडिलांचा विश्वास मिळवतो, खाऊ देतो, मोबाइल देतो, एखादा छोटा नियम मोडून 'हे आपल्यातच' म्हणतो आणि मूल गप्प राहतं का ते बघतो. या टप्प्यावर गुन्हा सिद्ध करण्यासारखं काहीच नसतं. पण नियम मोडलेला असतो. "सर, तुम्ही दार लावून एकट्या मुलाला बसवलं होतं, हे आपल्या नियमात बसत नाही," एवढं बोलायला हेतूचा पुरावा लागत नाही. नोंदवहीत तारीख घालून लिहा. एकाच नावापुढे तिसरी नोंद झाली, की गप्प बसण्याचं कारण उरत नाही. खोट्या आरोपाची भीती वाटणाऱ्या शिक्षकांनाही हेच सांगा: दार उघडं असलं तर तुमचाही बचाव होतो. आणि संशय आला म्हणून माणसाची दुसऱ्या शाखेत बदली करणं हा उपाय नव्हे. त्याने फक्त मुलं बदलतात.

मुलांना काय शिकवायचं

क्रम महत्त्वाचा: आधी कर्मचारी, मग पालक, शेवटी मुलं. उलटं केलं, तर मूल घरी जाऊन बोलतं आणि ऐकणाऱ्याला काय करावं ते माहीत नसतं. एका तासात काही होत नाही. वर्षात ३०-४० मिनिटांचे चार-पाच तास, तेही सोमवार ते गुरुवार. शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेत घेतलेल्या तासानंतर मुलाला काही सांगायचं असेल, तर मधे रविवार येतो आणि तो दिवस काही मुलांसाठी फार लांब असतो.

'चांगला-वाईट' या शब्दांनी घोळ होतो. इंजेक्शन दुखतं, पण ते वाईट नाही. उलट अत्याचाराचा स्पर्श गुदगुल्यांसारखा असू शकतो, आणि मग मुलाला वाटतं, मला वाईट वाटलं नाही म्हणजे चूक माझीच. म्हणून भावनेवर नको, नियमावर शिकवा: शरीराचे हे भाग स्वच्छतेसाठी किंवा आजारपणात सोडून कोणी बघायचे नाहीत, हात लावायचा नाही, त्यांचे फोटो काढायचे नाहीत, आणि कोणी स्वतःचे दाखवून आपल्याकडून हात लावून घ्यायचा नाही. अवयवांची नावं स्पष्ट सांगा. घरी 'शूची जागा' म्हणत असतील तर तेही चालेल, पण लिंग, योनी, छाती, गुदद्वार हे शब्द मुलाच्या कानावर एकदा तरी न हसता पडले पाहिजेत. ज्या गोष्टीला नाव नाही ती मूल सांगणार कशी?

दुसरी गोष्ट, गंमत आणि गुपित यांतला फरक. आईच्या वाढदिवसाची गंमत चार दिवसांनी सगळ्यांना कळते आणि सगळे हसतात. जे कधीच कोणाला सांगायचं नाही आणि ज्याने पोटात गोळा येतो, ते गुपित सांगायचंच. तिसरी, हाताच्या पाच बोटांवर पाच विश्वासाची माणसं, त्यांतलं किमान एक घराबाहेरचं. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगायचं. आणि 'नाही म्हण, ओरड, पळ' यावर फार जोर देऊ नका. भीतीने थिजलेलं मूल ओरडू शकत नाही आणि नंतर आपण ओरडलो नाही म्हणून स्वतःलाच दोष देतं. "तेव्हा जमलं नाही तरी नंतर सांगता येतं, कितीही दिवसांनी," हे वाक्य प्रत्येक तासाला हवं. मुलग्यांना वेगळं बसवून वगळू नका. पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीसाठी आहे. दिव्यांग मुलांना हा विषय जास्त वेळा आणि चित्रांतून शिकवावा लागतो, कारण त्यांच्या अंगाला रोज कोणी ना कोणी मोठं माणूस हात लावतच असतं.

मार

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. तरी तो विषय इथे कायद्यासाठी आलेला नाही. ज्या वर्गात वही विसरली म्हणून हातावर पट्टी बसते, त्या वर्गातलं मूल त्याच बाईंना घरातलं काही सांगत नाही. मार आणि मौन एकत्र राहतात. आठवडाभर शिक्षकांनी स्वतःसाठीच टिपून ठेवावं: हात कधी उचलला गेला? बहुतेक वेळा उत्तर येतं शेवटचे दोन तास, अपुरा गृहपाठ आणि गोंगाट. मग शेवटच्या तासाला लिखाणाऐवजी हालचालीचं काम ठेवता येतं. गृहपाठ न झालेल्यांना शाळेतच वीस मिनिटं देता येतात. घरी बसायला जागा नसणारी मुलं त्यांतच सापडतात. मॉनिटरच्या हातातली पट्टी आजच काढून घ्या. फी थकली म्हणून उभं करणं, जातीवरून किंवा रंगावरून टोपणनाव, वर्गाबाहेर काढणं हाही मारच आहे, फक्त वळ दिसत नाही.

पालक स्वतःच म्हणतात, "सर, चांगलं बदडा, हात-पाय तेवढे राहू द्या." यावर भाषण नको. "तुम्ही माझ्यावर सोपवलंत ना, मग मी माझ्या पद्धतीने करतो. महिनाभराने बोलू," एवढंच.

घरापर्यंत कसं पोचायचं

पालक येत नाहीत याचं पहिलं कारण सभेची वेळ. सकाळी अकराला रोजंदारी बुडवून कोण येईल? सभा वस्तीत घ्या, संध्याकाळी सातनंतर, देवळात किंवा समाजमंदिरात, चाळीस मिनिटांत संपणारी. फलकावर 'बाल अत्याचार प्रतिबंध' लिहिलंत तर वडील येणार नाहीत. 'मूल ऐकत नाही तेव्हा काय करायचं' लिहा. दर पंधरवड्याला एक, अशा चार बैठका पुरतात. पहिल्या बैठकीत फक्त हे: रोज दहा मिनिटं मुलासोबत, मोबाइल बाजूला, खेळ मूल ठरवेल. हे साधं दिसतं, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं. दुसऱ्या बैठकीत सूचना कशी द्यायची: 'पसारा करू नको' ऐवजी 'वह्या पिशवीत भर', एका वेळी एकच, आणि केल्यावर 'शहाणा' न म्हणता 'वह्या भरल्यास, बरं झालं' असं नेमकं म्हणायचं. तिसऱ्या बैठकीत राग. हात उचलण्याआधी शरीर काय सांगतं, कान तापतात का, आवाज चढतो का, हे पालकांनाच बोलू द्या. तिथून उठून पाणी प्यायचं, आणि घरात दुसरं मोठं माणूस असेल तर मूल त्याच्याकडे द्यायचं. चौथ्या बैठकीत शरीराची सुरक्षितता. 'काकांना पापी दे' म्हणून मुलाला ढकलणं थांबवायचं. नमस्कार केला तरी मान राहतो. पाहुणे मुक्कामाला आले की मूल कोणाजवळ झोपतं, हा प्रश्न इथे मोकळेपणाने येतो आणि बायका एकमेकींकडे बघतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत, विशेषतः बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत, दिवाळीआधी एक यादी करायलाच हवी. कोणतं घर चाललं, मूल सोबत जाणार की मागे राहणार, मागे राहिलं तर कोणाकडे, रात्री कुठे झोपणार, मुकादमाचा आणि आईचा फोन. आजी-आजोबांना रात्री दिसत नसेल तर ते मूल व्यवहारात एकटंच आहे. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गाड्या हलल्यावर पाठवून उपयोग नसतो. याच काळात 'मागे पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवायचं' म्हणून नववीतल्या मुलीचं लग्न उरकलं जातं. सलग तीन दिवस गैरहजर असलेल्या मुलीच्या घरी चौथ्या दिवशी कोणीतरी गेलं पाहिजे. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) असतो. त्याला तोंडी न सांगता लेखी कळवा.

मूल बोलायला लागलं तर

इथे सर्वांत जास्त चुका होतात, त्याही चांगल्या माणसांकडून. हातातलं काम थांबवा आणि मुलाच्या उंचीला बसा. "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. तुला मदत करू शकतील अशा एक-दोन माणसांना मला सांगावं लागेल." कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, ते तुम्हाला मोडावंच लागणार आहे. विचारायचं फक्त "मग काय झालं?" एवढंच. "त्यांनी इथे हात लावला का?" असा प्रश्न उत्तर मुलाच्या तोंडी घालतो आणि पुढे न्यायालयात उलटतो. "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न तर कधीच नको. तासाभरात मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. ते 'शूची जागा' म्हणालं असेल तर तसंच लिहा, शुद्ध करू नका. वेळ, जागा, सही. मुख्याध्यापक, संस्थाचालक, समिती अशी तीनदा तीच कहाणी वदवून घेऊ नका. आरोपीला समोर बोलावून 'खरं-खोटं' करू नका. दुखापतीचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढू नका.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. खात्री लागत नाही, पालकांची संमतीही लागत नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवलेला अहवाल म्हणजे पोलिसांना कळवणं नव्हे. 'आधी अंतर्गत चौकशी करू' म्हणण्यातच बहुतेक शाळा अडकतात. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर बालसंरक्षण यंत्रणा हलते; तातडी असेल तर ११२. मूल घरीच मार खात असेल किंवा त्याची आबाळ होत असेल, तर पालकांना बोलावून सुनावू नका. त्या रात्री मूल आणखी मार खाईल. आधी १०९८ किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोला.

पालकांना हे माहीत नसतं, म्हणून सांगा: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतला जातो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याकडून, गणवेशाविना. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. दवाखान्यात आधी गेलं तरी चालतं. उपचार मोफत आणि लगेच द्यावेच लागतात, एफआयआरची प्रत मागता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवा, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल राहून नमुने खराब होतात. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. पण महिना उलटला असला तरी तपासणी आणि तक्रार दोन्ही करता येतात. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. कळवलं का, हे तुम्ही विचारू शकता. वकील आणि मनोधैर्य योजनेची (अत्याचारग्रस्त महिला आणि मुलांसाठीची राज्याची योजना) मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळते.

करणारा मोठा विद्यार्थी असेल तर तोही मूलच आहे. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि त्याच्यावर कोणी असंच काही केलं आहे का, हे तिथल्या समुपदेशकाने बघायला हवं. सतरा वर्षांच्या दोघांच्या प्रेमप्रकरणालाही पॉक्सो कायदा लागतो. ते अवघड आहे, पण त्या वेळी शाळेने आपल्या मनाने निवाडा करू नये.

नंतरचे सहा महिने शाळेच्या हातात असतात. 'पंचांनी मिटवलं' किंवा 'बदनामी नको' म्हणून मुलीचा दाखला काढायला घर निघालं, तर शिक्षा तिलाच झाली. वर्गशिक्षिकेने आठवड्यातून एकदा, सगळ्यांसमोर नव्हे, दोन मिनिटं बोलावं. मुलाची ओळख कुठेही उघड होऊ नये. 'पाचवी ब मधली ती' असं शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं तरी ओळख उघडच झाली. चाचणी परीक्षेच्या दिवशी साक्ष असेल तर परीक्षा नंतर घ्या, कारण न विचारता.

हे सगळं सुरू केल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत पेटीतल्या चिठ्ठ्या वाढतील. केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे शिक्षण खात्याचे अधिकारी) विचारतील, तुमच्याच शाळेत एवढ्या तक्रारी कशा? नोंदवही पुढे ठेवा: कडी, दिवा, व्हॅनचा मार्ग, देखरेखीची बदललेली पाळी, प्रत्येक ओळीपुढे तारीख.